खिडकीतलं हलणारं झाड

रोपवाटिकेत सगळे त्यांना सावलीकाका म्हणत. अडतीस वर्षं त्यांनी हिरव्या जाळीखालची झाडं सांभाळली. नेचे, शोभेचे पाम, रुंद पानांच्या वेली. पानाला उन्हाचा चटका बसला की त्यांना तो स्वतःच्या अंगाला बसल्यासारखा वाटायचा. अशा माणसाच्या वाट्याला म्हातारपणी मुलाचं घर आलं ते सातव्या मजल्यावरचं. दोन बाजूंना काच आणि सकाळी आठपासून दिवस मावळेपर्यंत ऊन.

त्या काचेजवळच्या पलंगावर काकू पडून असत. दुखणं श्वासाचं. समोर बांधकाम चाललेलं, म्हणून डॉक्टरांनी खिडक्या बंद ठेवायला बजावलं होतं. पंख्याच्या वाऱ्यानंही ढास लागायची. आता फार दिवस नाहीत, हे डॉक्टरांनी मुलाला दाराबाहेर नेऊन सांगितलं. घरात ते न सांगताच सगळ्यांना कळलं. काकूंनाही.

"अहो, नुसतं सिमेंट बघून जीव विटला," एका सकाळी त्या म्हणाल्या. "खिडकीत काहीतरी हिरवं ठेवा. पण हलणारं हं. पानं हलली की कुणीतरी सोबतीला आहे असं वाटतं."

"एवढंच ना?" काका म्हणाले आणि सवयीनं नेचा घेऊन आले. चौथ्या दिवशी त्याचा पापड झाला. मग पाम आणला, त्याची टोकं करपली.

"बाबा, अडतीस वर्षं झाडांत काढलीत, आणि घरातलं एक जगेना?" सून हसत म्हणाली.

"त्यांना उन्हातलं काय कळतंय!" काकू उशीवरून म्हणाल्या. "आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा हे सावलीत उभे आहेत. तोंड दिसत नाही."

शेवटी काका रोपवाटिकेच्या पलीकडच्या टोकाला, उघड्या वाफ्यांकडे गेले. तिथला माळी त्यांचा जुना चेष्टेखोर सोबती.

"काय काका, वाट चुकलात?"

"भर उन्हात, काचेआड जगेल असं दे काहीतरी."

"कोरफड न्या, निवडुंग न्या. विसरलात तरी मरायचे नाहीत."

"ते दगडासारखे बसतात रे. मला हलणारं पाहिजे."

माळ्यानं गवताची एक कुंडी पुढे केली. केसासारखी बारीक, लांब पाती. शेजारून कुणी नुसतं गेलं तरी लवत होती. काकांनी ती बसमध्ये मांडीवर धरून आणली. कुंडीची भोकं मोकळी केली, मातीत वाळू मिसळली, ऊन एकदम बसू नये म्हणून काचेला वर्तमानपत्र लावून ते रोज थोडं थोडं फाडत गेले. गवतानं जीव धरला. महिन्याभरात नवी पाती आली.

"बघ आता," काका म्हणाले.

काकू दुपारभर बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "छान आहे हो. पण हलत नाही."

काका कुंडीकडे बघतच राहिले. झाड निवडताना त्यांनी जन्मभर उजेड पाहिला, माती पाहिली, पाणी पाहिलं. वारा कधी हिशेबात धरलाच नव्हता. जाळीच्या चारी बाजूंनी तो आपणहून यायचा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खिडकी बोटभर उघडली. काकूंचा खोकला तासभर थांबेना. सुनेनं येऊन खिडकी लावून घेतली.

मग काका स्टूल घेऊन कुंडीमागे बसले आणि घडी केलेल्या कागदानं हलकेच वारा घालू लागले. पाती डोलली.

"तुम्ही हलवताय ना?"

"नाही गं. फटीतून येतोय वारा."

"पुरे. हात दुखेल."

ते घालतच राहिले. हात भरून आला तेव्हा थांबले. पाती क्षणभर लवली आणि सरळ उभी राहिली. काकूंनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. त्या जाग्या आहेत का, हे विचारायचा काकांना धीर झाला नाही.