जेवले का सगळे?

अप्पांबद्दल मी लिहावं की नाही, हे मला अजून नीट कळलेलं नाही. त्यांच्याकडे वर्षानुवर्षं ये-जा असलेली माणसं सोलापुरात पुष्कळ आहेत; मी त्यांना मोजून पाच-सहा वेळा भेटलो. शिवाय आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिण्याचा सराव काय तो अर्जांपुरता. काही चुकलं तर त्यांना ओळखणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण न लिहिणं मला जास्त जड जाईल, म्हणून लिहितो.

अप्पा मृत्युपत्रं करणारे वकील होते. लोक त्यांना ‘जेवणवाले वकील’ म्हणत, कारण त्यांची एक अट होती. मसुदा तयार झाला की ते लगेच सही घेत नसत. तो कागद घरी न्यायचा, ज्यांचं नाव त्यात आहे आणि ज्यांचं नाही अशा सगळ्यांना बसवून मोठ्याने वाचायचा, आणि मग सगळ्यांनी एकत्र जेवायचं. दुसऱ्या दिवशी गेलं की पहिला प्रश्न, “जेवले का सगळे?” समोरचा अक्कलकोटकडचा असला तर कानडीत, “ऊट आयता?” एकजण जरी ताटावरून उठला असेल, तर सही नाही.

एक व्यापारी माझ्यादेखत त्यांच्याशी वाद घालत होता. “अप्पा, मृत्युपत्र गुप्त ठेवायचं असतं.”

“का? त्यात पाप लिहिलंय का?”

“दुसरे वकील एका दिवसात करून देतात.”

“देतात की. चांगली माणसं आहेत, जा त्यांच्याकडं,” अप्पा म्हणाले आणि त्याच्यापुढे ताक सरकवलं. तो ताक प्यायला आणि गेला. पुन्हा आला की नाही, मला माहीत नाही.

त्यांचं ऑफिस म्हणजे घराचीच पुढची खोली. चपला उंबऱ्याबाहेर काढाव्या लागत. सकाळी आंघोळ, गळ्यातल्या लिंगाची पूजा, आणि मग तसेच कपाळाला भस्म लावून ते टेबलाशी बसत. एकदा मी धीर करून विचारलं, पूजा किती वेळ चालते? ते म्हणाले, “संध्याकाळी सहापर्यंत. हे कागद म्हणजे काय मग?” आपलं काम हीच पूजा, त्याला लिंगायतांत कायक म्हणतात, हे मला नंतर काकूंनी सांगितलं. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. गावाकडून आलेल्या कुणालाही त्या कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ल्याशिवाय सोडत नसत.

आमचं गाव वळसंग. वडिलांना छातीचं दुखणं झालं आणि त्यांनी मृत्युपत्राचं मनावर घेतलं. घर आणि जमीन त्यांनी स्वतः कमावलेली. सगळं माझ्या नावावर करायचं त्यांनी ठरवलं होतं. माझी ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तिने आठवीतून शाळा सोडली आणि मला वाढवलं. तिचं लग्न झालं, ते टिकलं नाही, ती परत आली. तेव्हापासून घर तीच चालवते.

“लेकीचं नाव कुठं आहे?” अप्पांनी विचारलं.

“भाऊ हाय की सांभाळायला,” वडील म्हणाले.

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. तिथेच बोलायला हवं होतं. कागद माझ्या बाजूचा होता आणि मी गप्प बसलो. त्यांनी मसुदा लिहिला आणि अट सांगितली.

वडिलांना वाचता येत नाही, म्हणून बुधवारी घरी तो कागद मीच वाचला. ताई चुलीपाशी बसून ऐकत होती. वाचून झाल्यावर तिने आम्हा दोघांना वाढलं. वडील म्हणाले, “तू बी घे की.”

“माजा सोमवार हाय,” ताई म्हणाली.

बुधवार होता. आम्हा दोघांनाही ते माहीत होतं. आम्ही खाली बघून जेवलो.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी विचारलं, “जेवले का सगळे?” वडील माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, “हो.”

“ताई काय जेवली?”

मला खोटं पुढे रेटता आलं नाही. “तिचा सोमवार होता,” मी म्हणालो.

अप्पांनी वळून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग शांतपणे पेनाला टोपण लावलं. “मग असं करू,” ते म्हणाले, “तिचा सोमवार सुटला की या.”

रागावले असते तर बरं झालं असतं. एसटीत वडील सबंध रस्ताभर खिडकीबाहेर बघत होते. घरी आल्यावर त्यांनी पायसुद्धा धुतले नाहीत. ताईसमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, “तुला काय पायजे, सांग. मी कदी इचारलंच न्हाय.”

ताईने मळलेल्या पिठाचा गोळा परातीत ठेवला. मग म्हणाली, “मागची खोली आन् हिरीकडची पट्टी. बाकी त्येचं.”

नवा कागद तसा झाला. तो वाचला त्या दिवशी ताईने दोन भाकरी खाल्ल्या आणि चटणी माझ्या ताटातली ओढून घेतली. अप्पांनी प्रश्न विचारला तेव्हा मी तेही सांगितलं. “चटणीसुद्धा?” म्हणाले, आणि पेनाचं टोपण काढलं.

त्या दिवशी काकूंनी मला अटीमागची गोष्ट सांगितली. अप्पा मूळचे दुधनीचे. वडिलांची धान्याची आडत होती. त्यांनी सगळं अप्पांच्या नावे केलं, आणि तो कागद नुकत्याच वकील झालेल्या अप्पांनीच लिहिला. वडिलांच्या माघारी तो वाचला गेला, तेव्हा अप्पांची थोरली बहीण, अक्का, भरल्या पंगतीतून उठून गेली. त्यानंतर ती अडीअडचणीला येई, बसे, पण भावाच्या घरचं पाणी घेत नसे. अप्पांनी दोनदा तिचा वाटा लिहून पाठवला. दोन्हीदा कागद परत आले. “अक्का म्हणतात,” काकू म्हणाल्या, “वाटा नको होता. मला विचारायला पाहिजे होतं.”

मी आता पुण्यात कायदा शिकतो. प्रवेश घेतल्याचं सांगायला गेलो तेव्हा अप्पा खूप थकले होते. “चांगलं लिहायला शीक,” म्हणाले, “आणि लिहिण्याआधी विचारायला.” तीच शेवटची भेट.

यंदा परीक्षा संपल्यावर ताईचा फोन आला. अप्पा लिंगैक्य होऊन तीन आठवडे झाले होते. माझे पेपर चालू म्हणून तिने कळवलं नव्हतं. ती स्वतः मात्र जाऊन आली होती. काकूंनी तिला सांगितलं होतं की, जाण्याच्या थोडे दिवस आधी अप्पांनी स्वतःचं मृत्युपत्र लिहिलं, दुधनीला निरोप पाठवून अक्कांना बोलावून घेतलं, समोर बसवलं, आणि प्रत्येक ओळीला थांबून विचारत कागद स्वतः वाचला.

मला अप्पांच्या जाण्याबद्दल काहीतरी बोलायला हवं होतं. पण माझ्या तोंडून एवढंच आलं, “अक्का जेवल्या का?”

“जेवल्या,” ताई म्हणाली. “भात दुसऱ्यांदा मागून घेतला म्हनं. आन् मगच अप्पांनी सही केली.”