पाटीवरचं मधलं नाव

चिमणीच्या दवाखान्याची पाटी मी हौसेने करून आणली आणि तीन शब्दांतले दोन चुकवले. बरोबर आलं ते पोरीचं नाव, कारण तेवढंच मी विचारून घेतलं होतं. पुढचं विचारायचं काय? मधे बापाचं नाव, शेवटी बापाचं आडनाव. आणि बाप तर माझ्या डोक्यावरच राहतो, वरच्या मजल्यावर. फ्रीजवाले.

फ्रीज दुरुस्त करणारा हा गृहस्थ बोलतोही फ्रीजसारखाच. बराच वेळ गप्प, मग एकदम घरघर. चिमणी दातांची डॉक्टर झाली तेव्हा मात्र त्यांनी अख्ख्या गल्लीला तोंड उघडायला लावलं. "बघू दात? राहू द्या तसेच, आमची पोरगी दवाखान्यात बसणार आहे आता!"

तर मी ऐटीत कागद सोडला. पितळी अक्षरं झळकली. वहिनी, म्हणजे चिमणीची आई, पाटी बघताच आत निघून गेल्या. मला वाटलं, आनंदाने.

"शेजारी," फ्रीजवाले म्हणाले, "हे नाव हिच्या वडिलांचं नाही. माझं आहे."

मी खुर्ची शोधली.

चिमणी लहान असतानाच तिचे वडील गेले. मग वहिनी फ्रीजवाल्यांशी लग्न करून तिला घेऊन या घरात आल्या. हे सगळं मी इथे राहायला येण्याआधीचं. मी इतकी वर्षं खाली राहतो, बापलेकीची भांडणं जिन्यातून ऐकतो. एवढी कडकडून भांडणारी माणसं सख्खी नसतील, अशी शंका कुणाला येणार?

"राहू दे ना बाबा," चिमणी म्हणाली. "मला हेच हवंय. खरंच."

फ्रीजवाल्यांनी स्वतःच्या नावावरून बोट फिरवलं. जरा जास्तच वेळ. मग खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला.

"शाळेत घालतानाही बाई म्हणाल्या होत्या, तुमचं लावा, सोपं पडेल. त्या माणसाकडे पोरीला देऊन जायला नावाशिवाय काही नव्हतं गं. तेवढंही मी काढून घेऊ?"

"पण बाबा..."

"गप. नाक पूस. उद्या पेशंट येतील."

पाटीवाल्याने संध्याकाळपर्यंत अक्षरं बदलून दिली. सकाळी बघतो तर फ्रीजवाले स्टुलावर उभे. पाटी ठोकून झाली होती, आणि फ्रीजची दारं पुसायच्या पिवळ्या फडक्याने ते मधलं नाव घासून घासून चमकवत होते. माझं काही नातं नसताना माझीच छाती फुगली.

"अहो, पण एवढ्या मोठ्या पाटीवर तुमचं नाव कुठंच नाही की!"

मान न वळवता ते म्हणाले, "पाटीवर तो असू दे, घरात मी आहे."