लाल ठिपक्याला लाल ठिपका

आमच्या पडवीत एक जीप उभी आहे. लष्करानं लिलावात काढलेली, बाबांनी तरुणपणी उचललेली आणि गावानं ‘मिल्ट्री’ म्हणून बारसं केलेली. शहापूर-मुरबाड रस्त्याला किन्हवलीच्या अलीकडे आमचं घर. पत्ता विचारणाऱ्याला “मिल्ट्रीवाल्यांकडे” एवढं सांगितलं की माणूस बरोबर दारात येतो. बाबा सैन्यात कधीच नव्हते. पण तसा कुणाचा गैरसमज झालाच, तर तो दूर करायची घाई त्यांनी आजवर केलेली नाही.

एके काळी ही जीप आटगाव स्टेशनापासून तानशाकडच्या पाड्यांपर्यंत माणसं वाहायची. माणसं, भाजी, बकऱ्या, जे मिळेल ते. पुढच्या सीटवर बाबांच्या शेजारी कायम तिघं कोंबलेले. त्यामुळे आईला त्या सीटवर बसायला कधी मिळालंच नाही. “लगीन करून आणली तवापन मागंच बसवलंनी, करवल्यांच्या मांडीवर,” हे ती अजून ऐकवते. ती जीपचं नाव घेत नाही. “तुमची ती” म्हणते.

आईचा राग नुसता सीटचा नाही. पडवी खरी भाताची. कापणी झाली की पोती पडवीत यायला हवीत, पण तिथं मिल्ट्री ऐसपैस उभी. मग पोती ओट्यावर, ताडपत्रीखाली, आणि उंदरांची दिवाळी. “माझं भात दवात आनि तुमची ती सावलीत,” असं आई दर वर्षी म्हणते आणि बाबा दर वर्षी ऐकू न आल्यासारखं करतात.

मी शहापूरला शाळेत शिकवते. पण पान्यांचे नंबर मला पाढ्यांच्या आधी पाठ झाले, कारण बाबा गाडीखाली गेले की पाने द्यायला मीच. माझा स्वभाव तापट आहे असं सगळे म्हणतात. गाडीखालून “हा नाय गो, दुसरा” असं वीस वर्षं ऐकलेल्या कुणाचाही होईल.

गेल्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर मिल्ट्री खालून कटकट करायला लागली. बाबांनी अंगणात एक फेरी मारली, मान तिरकी करून ऐकलं आणि निकाल दिला, “क्रॉस गेला.” इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत नेणारा एक लांब लोखंडी दांडा असतो, त्याला शाफ्ट म्हणतात. त्याच्या दोन्ही टोकांना सांधे असतात आणि सांध्यात अधिक चिन्हासारखा एक तुकडा, तो क्रॉस. माणसाला गुडघा तसा गाडीला क्रॉस. बाबांचे स्वतःचे गुडघेही त्याच सुमारास कटकटत होते, पण ते दुरुस्त करायचं कुणी बोललं की बाबा म्हणायचे, “चालतंय अजून.”

आणि नेमका त्याच आठवड्यात मुंबईचा एक शौकीन माणूस आला. जुन्या गाड्या गोळा करणारा, पांढरेशुभ्र बूट घातलेला. आमच्या अंगणातून चालताना तो एकेक पाऊल असं टाकत होता की आईला हसू आवरेना. मिल्ट्री त्याला फारच आवडली. मोठ्या हॉलमध्ये ठेवीन, भोवती दोरी बांधीन, कुणाला हात लावू देणार नाही, असं तो म्हणाला.

“दोरी? बैल हाय का ती?” बाबा म्हणाले.

पण आईनं संधी सोडली नाही. तो गेल्यावर तिनं पदर खोचला आणि अट घातली. “दसऱ्याला मला सोनं द्यायला भावाकडं न्या. हिच्यानंच न्या. चढ चढून माझ्या माहेराच्या दारात गेली तर र्‍हाऊद्या पडवीत, मी परत तोंड उघडनार नाय. नाय गेली तर देऊन टाका त्या बूटवाल्याला.”

आईचं माहेर मुरबाडच्या पुढं, डोंगराच्या पोटाशी. शेवटचा चढ असा की एस.टी. खालीच थांबते. बाबा म्हणाले, “ठरलं.”

मला वाटलं, बाबांना जीप जायची भीती असेल. पण सामान काढताना ते हळूच म्हणाले, “गाडीचं काय गो बाय, जाईल तर जाईल. माझं हात गेलं का र्‍हायलं, तेवढं मला कळूदे.” त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं ते पुढं ढकलत होते. चहाचा कप बशीत ठेवताना हल्ली कप बशीला शोधत असे. मला गलबलून आलं, म्हणून मी त्यांच्यावर खेकसले, “मग डोळ्याचं करून घ्या ना आधी!”

काम सुरू झालं. बाबा गाडीखाली, मी पाने घेऊन बाहेर. शाफ्ट खाली उतरवला. हा शाफ्ट मधे दोन तुकड्यांचा असतो, एकात एक सरकणारा, आत दाते असलेला. सोडवताना जसे होते तसेच ते परत बसायला हवेत. दोन दाते इकडंतिकडं झाले तरी गाडी अंगात आल्यासारखी थरथरते. नव्या गाडीत जुळवायला बाण कोरलेले असतात. पण आमच्या शाफ्टचा एक तुकडा बाबांनी फार पूर्वी दुसऱ्याच कुठल्या गाडीचा बसवलेला, त्यामुळे बाण एकाच बाजूला. तो बिचारा कुणाकडं बघणार?

“खूण कर गो,” बाबा म्हणाले. “आधी मी डोळ्यानं लावायचो. आता डोळाच नाय.”

रंग सापडेना. मी आत जाऊन माझी नेलपॉलिश आणली आणि दोन्ही तुकड्यांवर समोरासमोर एकेक लाल ठिपका दिला. स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश झाले की त्याचा फोटो काढून शाळेतल्या बायकांच्या ग्रुपवर टाकला. नुसत्या ठिपक्यांचा नाही, ठिपका दाखवणाऱ्या माझ्या बोटाचा. ठिपके बोटाखाली झाकले गेले होते, हे नंतर कळलं.

मग दोन्ही तुकडे सुटे करून नवे क्रॉस बाबांनी स्वतः बसवले. त्यांच्या टोकांवरच्या वाट्यांत बारीक सुया असतात. त्या ग्रीसमध्ये चिकटवून कडेनं उभ्या करायच्या, एक जरी आडवी पडली तरी वाटी बसत नाही. बाबांनी त्या बोटांनी चाचपून उभ्या केल्या. दोनदा आडव्या पडल्या. तिसऱ्यांदा वाटी टक्कन बसली आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू पहिल्या नंबरानं पास झाले.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले, बाबा दुपारी झोपले, आणि आईनं खंडेनवमीची तयारी काढली. आमच्याकडे खंडेनवमीला घरातलं सगळं लोखंड पुजतात. कोयते, विळे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, विळी, सगळं. आणि पुजायचं म्हणजे आधी धुवायचं. आईचं धुणं म्हणजे साधं नसतं. तिनं गोणपाटावर पडलेले मिल्ट्रीचे सगळे भागही उचलले, रॉकेलनं पुसले, राखेनं घासले आणि उन्हात ठेवले. वैर जीपशी होतं, पण सणाला घरात काळं लोखंड राहिलेलं तिला चालत नाही.

नवमीला सकाळी पूजा झाली. विळ्यांच्या शेजारी पाने, पान्यांच्या शेजारी शाफ्टचे दोन्ही तुकडे, सगळ्यांवर झेंडू, अक्षता आणि कुंकवाचं बोट. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नसतो. पण दसरा दुसऱ्याच दिवशी. बाबांनी दुपारी पुन्हा चार अक्षता टाकल्या, हात जोडले आणि “झाली पूजा” म्हणून जाहीर केलं. शास्त्र आमच्या बाबांचं फार ऐकतं.

“खूण बघ गो,” ते गाडीखालून म्हणाले.

मी बघितलं. या तुकड्यावर लाल ठिपका, त्या तुकड्यावर लाल ठिपका. लालला लाल जुळवला, शाफ्ट आत सरकवला. चार नट आवळले आणि आम्ही एक फेरी मारून बघायला निघालो.

सरळगावच्या रस्त्याला लागेपर्यंत ठीक होतं. मग जरा वेग घेतला आणि मिल्ट्री थरथरायला लागली. स्टेअरिंग थरथर, सीट थरथर, माझे दात एकमेकांवर वाजायला लागले. बाबांनी गाडी बाजूला घेतली. पुन्हा खाली वाकून बघितलं, नट हलवून बघितले. पुन्हा चालवली, पुन्हा तेच. बाबांनी मान तिरकी करून ऐकलं, पण या वेळी त्यांनी निकाल दिला नाही.

घरी येऊन त्यांनी चावी देव्हाऱ्यापाशी ठेवली. “त्या बूटवाल्याला फोन लाव,” ते मला म्हणाले. “क्रॉस मीच बसवलं, मीच बिघडवलं. हातच गेलं, आता काय त्याला.” एवढं बोलून हातपाय धुवायला गेले. मला रडू येत होतं आणि रडू आलं की मला राग येतो, म्हणून मी भांडी आपटायला लागले.

संध्याकाळी जेवायला बसलो. आई भाकरी वाढत होती. मी आपली बडबडत होते, “सगळं बरोबर केलं होतं. मी स्वतः जुळवलं, लालला लाल.”

आईचा हात थांबला. “लाल कसलं?”

“खुणेचं. शाफ्टवर ठिपके होते ना लाल.”

मला कळलं नाही. बाबांनाही कळलं नाही. कळलं फक्त आईला, आणि ती काहीच बोलली नसती तर दसऱ्यानंतर तिची पडवी मोकळी झाली असती. इतकी वर्षं मागितलेली पडवी.

तिनं भाकरी ताटात ठेवली. “ते लाल मी लावलेलं,” ती म्हणाली. “कुंकू हाय ते. तुझं ठिपकं मी घासून काढलं. रॉकेलनं, राखेनं. मला वाटलं, घाण हाय.” आणि मग बाबांकडे वळून म्हणाली, “अवो, तुमचं हात गेलं नायत. मी घालवलं ते.”

बाबा घास हातात धरून बसले. मग त्यांना हसू फुटलं, आणि ठसका लागला, आणि आई पाणी देता देता ओरडायला लागली की हसताय काय, आधी गिळा. मीही हसले. कुंकू आणि नेलपॉलिशमधला फरक न कळणारी मास्तरीण, दुसऱ्यांच्या पोरांच्या वह्या तपासते!

दसऱ्याला उजाडताच बाबांनी शाफ्ट पुन्हा उतरवला आणि ओटीच्या सपाट फरशीवर आडवा ठेवला. “बोटं होती की माझ्याकडं. खुणेच्या भरवशावर कशाला बसलो?” असं पुटपुटत त्यांनी डोळे चक्क मिटले. शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस धरणारे दोन-दोन कान असतात. ते एकाच वेळी फरशीला टेकले तर शाफ्ट सरळ. बाबांनी कानांखाली बोटं घालून चाचपलं, मधली जोड सोडवली, एक दाता फिरवला. पुन्हा चाचपलं. आणखी एक दाता फिरवला. “हां,” ते म्हणाले. मग छिन्नी घेतली आणि दोन्ही तुकड्यांवर समोरासमोर एकेक खोल खूण ठोकली.

शाफ्ट गाडीला लागला तशी आई कुंकवाचा करंडा घेऊन आली. पुजलेलं लोखंड उतरवून पुन्हा चढवलं होतं, तेव्हा पुन्हा कुंकू लावायलाच हवं, असं तिचं म्हणणं. गुडघे धरून ती गाडीखाली वाकली. “कुठं लावू?”

बाबांनी तिचं बोट धरलं आणि त्या खुणेच्या खाचेत टेकवलं.

“परत धुतलं तर जाईल का?” तिनं विचारलं.

“आता नाय जात.”

आपट्याच्या पानांची पिशवी घेऊन मी मागं बसले. आई पुढं. गाडीनं वेग घेतला, काहीही थरथरलं नाही. मुरबाड मागं पडलं, तो शेवटचा चढ आला, बाबांनी गिअर टाकला आणि मिल्ट्री गुरगुरत वर निघाली. आई दोन्ही हातांनी दांडी धरून ताठ बसली होती.

“कसं वाटतं पुढं?” बाबांनी विचारलं.

“रस्ता बघा,” आई म्हणाली. “आनि दिवाळी झाली का तो दुसरा डोळा करून घ्या. भात काय, ऱ्हाईल ओट्यावर.”