पुढून आलेली हाक

त्या पावसाळ्यात मी अंबाबाईशी अबोला धरला होता. कोल्हापुरात राहून तिच्याशी अबोला धरणं सोपं नाही. भाजीला निघा नाहीतर बँकेत, वाट फिरून फिरून देवळावरूनच जाते. मी मान खाली घालून जायचे. माझी लेक सई दिवस भरायच्या आधीच जन्मली, तेव्हा तिच्या मेंदूला इजा झाली. सेरेब्रल पाल्सी म्हणतात त्याला. समज चोख, जीभ तर माझ्यासारखीच तिखट; पण पाय ताठ, टाचा टेकत नाहीत आणि चालताना गुडघे एकमेकांत अडकतात. तिला सातवं लागेपर्यंत आम्ही व्यायाम केले, बुटांत स्प्लिंट घातल्या, आणि दर शुक्रवारी मी देवीपुढे पदर पसरला. त्या उन्हाळ्यात ती वॉकर धरून घरभर फिरायला लागली. मी गल्लीत पेढे वाटले. मग पाऊस सुरू झाला आणि ओल्या फरशीवर ती वॉकरसकट तोंडावर पडली.

फुटलेला ओठ बरा झाला, भीती मात्र राहिली. वॉकर दिसला की ती रडून घर डोक्यावर घ्यायची. मी मागून तिच्या फ्रॉकचा पट्टा मुठीत धरून उभी राहिले, की ती ओंडक्यासारखी ताठ व्हायची. हळूहळू त्या वॉकरवर आमचे ओले टॉवेल वाळायला लागले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की वजन वाढतंय, आता चालणं सुटलं तर पाय आखडत जातील आणि पुन्हा उभं करणं फार अवघड होईल. द्यायचं आणि काढून घ्यायचं, ही कुठली रीत, असं मी देवीला विचारलं आणि देवळात जायचं बंद केलं.

दिवाळी तोंडावर आली होती. एका शुक्रवारी सकाळी आम्ही थेरपीला निघालो आणि गंगावेशीजवळ रिक्षा पंक्चर झाली. स्टेपनीतही हवा नव्हती. रिक्षावाले काका ती घेऊन हवा भरायला गेले. मी सईला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसवलं, वॉकर शेजारी ठेवला आणि मनात देवीला म्हटलं, बघ, याला पण शुक्रवारच निवडलास.

समोर एक गवळी आपल्या रेडीकडून सराव करून घेत होता. आमच्याकडे पाडव्याला म्हशी सजवून पळवतात. शिंगं रंगवतात, कवड्यांच्या माळा घालतात. मालक मोटरसायकलवर पुढे आणि म्हैस त्याच्या मागे, दावं नाही की काही नाही. ही रेडी नवखी होती. थोडं चालून मध्येच अडून उभी राहिली. कुणीतरी मागून ढकलायला गेलं, तशी तिनं चारी पाय रोवले. गवळ्यानं त्याला बाजूला व्हायला सांगितलं. स्वतः गाडी घेऊन पुढे गेला, थांबला आणि हाक मारली, "ये गं चिंगे, ये." मागे वळून बघितलंसुद्धा नाही. रेडी जरा घुटमळली आणि निघाली. तिचं नाव अंबा असतं तर सांगायला किती शोभलं असतं. पण चिंगी होतं, त्याला मी काय करू?

सई खूप वेळ हसत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, तू मागं नको थांबू. पुढं जा की, आणि मला हाक मार."

खाली डांबरी रस्ता होता. मी तिला वॉकरमध्ये उभं केलं, पण पट्ट्यावरची मूठ उघडेना. अबोला वगैरे सगळं विसरून मी देवीला म्हटलं, आई, मी सोडतेय, आता तू बघ. आणि पुढे चालत गेले. लेकीकडे पाठ करून चालायची मला सवय नव्हती. थांबले, हाक मारली, तर आवाज चिरकला.

मागे काहीच ऐकू येईना. मग वॉकर टेकल्याचा आवाज आला, मग बूट घासल्याचा. पुन्हा वॉकर, पुन्हा बूट. तेवढ्यात एक स्कूटरवाला हॉर्न वाजवत गल्लीत शिरला. गवळ्यानं आपली गाडी रस्त्यात आडवी लावली.

"थांबा पावणं," तो म्हणाला, "पोरगी चालाय लागलीया."

हॉर्न बंद झाला. मला राहवेना, मी वळून बघितलं. जीभ दातांत धरून, लालबुंद होऊन सई येत होती, आणि तिच्या मागून, तिच्याच चालीनं, चिंगी. सई माझ्यापर्यंत आली आणि तिनं माझा पदर घट्ट धरला. मी भर रस्त्यात रडले.

थेरपीच्या बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या. तुम्ही मागे असता म्हणून ती मागे टेकते, पुढे उभ्या राहा, हे त्या मला कधीपासून सांगत होत्या. मी मान डोलवत होते आणि पट्टा धरत होते. रिक्षा नेमकी तिथेच का पंक्चर झाली, यावर मी कुणाशी वाद घालणार नाही. खिळे रस्त्यात पडलेले असतातच. मला ती कृपा वाटली, एवढंच सांगते. इतकी वर्षं मी देवीला एकच म्हणत होते, आम्हाला मागून धरून ठेव. धरलेलं जाणवलं नाही की रुसत होते. ती पुढे उभी राहून हाक मारत असेल, हे कधी मनात आलंच नाही. सई अजून वॉकरनंच चालते, दमते, कधी पडतेसुद्धा. पुढचं देवीवर सोपवलंय, आणि सोपवल्यापासून मला झोप लागते.

पाडव्यानंतरच्या शुक्रवारी आम्ही देवळाकडे गेलो. बूट काढले की सईला उभं राहता येत नाही, म्हणून ओटी शेजारणीच्या हाती आत पाठवली आणि महाद्वाराबाहेरूनच कळसाला हात जोडले. माझं बोलायचं बरंच साठलं होतं. डोळे उघडले तर सई शेजारी नव्हती. पार हारवाल्यांच्या पुढे जाऊन, माझ्याकडे पाठ करून, वॉकर धरून ती उभी होती. मागे वळून न बघताच तिनं हाक मारली, "ये गं आई, ये."

मी डोळे पुसले आणि तिच्या मागे निघाले.