बैलांच्या गळ्यातली कागदी फुले

चुलीवर ज्वारीच्या पिठाची खळ रटरटू लागली, की तिचा कोमट, आंबूस, किंचित करपट वास घरभर पसरतो. कुणाला मोगऱ्याच्या गंधाने वसंत आठवत असेल, कुणाला केवड्याच्या गंधाने श्रावण. मला मात्र या चिकट वासाने फुले आठवतात! गुलाबी, पिवळी, जांभळी, पाकळीपाकळीला चुण्या पडलेली कागदाची फुले. श्रावण सरत आला, पोळा चार दिवसांवर येऊन ठेपला, की तामसीकडच्या आमच्या गावी, माझ्या माहेरी, ती उमलू लागतात आणि तिथून थेट बैलांच्या गळ्यात जाऊन बसतात.

आदिलाबादेत माझ्या शेजारी राहणाऱ्या तेलुगू बाईंना या प्रकाराचे फार नवल वाटते. त्या दरवर्षी बतुकम्माच्या सणाला रानातली खरीखुरी फुले आणून त्यांची गोलाकार उतरंड रचतात. बांधाबांधावर फुले उतू जात असताना तुम्ही कागद कातरत का बसता, असे त्यांनी मला अनेकदा विचारले आहे. प्रश्न रास्तच आहे. सृष्टीने दोन्ही हातांनी उधळण मांडलेली असताना माणसाने कात्री घेऊन तिच्याशी स्पर्धा करावी, याला काय म्हणावे? लहानपणी मीही हाच प्रश्न मायला विचारला होता, आणि मान वर न करता तिने उत्तर दिले होते, "खरं फूल बैल घडीभरात खाऊन टाकते. कागदाचं कोन खाते?"

या सिद्धान्तावर आमच्या घरची ही पुष्पकला उभी आहे. माय पतंगी कागदाच्या आठ घड्या घालते, कात्री एकदाच अर्धवर्तुळात फिरवते आणि बोटांच्या चिमटीत कागद असा काही मुडपते, की पाहता पाहता झेंडू उभा राहतो. देठ बांधायचा तो घरच्या कापसाच्या सुताने. तार नाही, टाचणी नाही. जनावराच्या तोंडाजवळ लोखंड न्यायचे नाही, हा तिचा दंडक. तारेने काम झटपट होते, हे माझा धाकटा भाऊ सुदाम तिला वर्षानुवर्षे पटवतो आहे, आणि ती वर्षानुवर्षे सूतच वळते आहे. माझ्या वाट्याला फुले फारशी येत नाहीत. मी केलेला गुलाब पानकोबीसारखा दिसतो, असे घरादाराचे एकमत आहे, आणि आरशासमोर धरून पाहिल्यावर मलाही ते मान्य करावे लागले. म्हणून खळ शिजवण्याचे बिनकौशल्याचे खाते माझ्याकडे आहे.

गेल्या पोळ्याला मायची बोटे फार आखडली होती. एक झेंडू वळायला तिला पूर्वीच्या चार झेंडूंचा वेळ लागत होता, आणि मध्येच हात मांडीवर ठेवून ती नुसती कागदाकडे बघत बसे. सुदामने तेव्हा जाहीर करून टाकले, की हे शेवटचे वर्ष. पुढच्या पोळ्याला बाजारातून प्लास्टिकच्या माळा आणायच्या, धुवायच्या आणि पुन्हा वापरायच्या. त्याच्या बोलण्यात मायची काळजीही होती, हे मी नाकारणार नाही. मायने फक्त माळ अधिक घट्ट गुंफली, आणि ती माळ तोरणाखाली दिमाखात मिरवली पाहिजे, या चिंतेने माझाच जीव अर्धा झाला.

त्या चिंतेतच माझ्या हातून प्रमाद घडला. पोळ्याच्या सकाळी चुलीवर पुरण झाले होते, माळांच्या गाठी चिकटवायच्या राहिल्या होत्या, आणि मी घाईघाईने खळीचे पीठ कालवले ते पुरणाच्याच गंजात, त्याच पातेल्यात, न धुता! गंजाच्या बुडाशी गूळ होता, डाळ होती, वेलचीसुद्धा होती. खळ जरा तांबूस दिसते आहे, एवढेच माझ्या लक्षात आले.

आता बैलांची बाजूही पाहिली पाहिजे. आदल्या संध्याकाळी त्यांच्या खांद्यांना तूप-हळद चोळून सुदामने रीतीप्रमाणे त्यांच्या कानात सांगितले होते, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. पाहुण्याने आमंत्रण घ्यावे, न्हाऊन-माखून झूल पांघरावी, मारुतीच्या देवळापुढे तोरणाखाली दोन तास उपाशी उभे राहावे, आणि शेजाऱ्याच्या गळ्यातून पुरणाचा वास यावा! झडत्या, म्हणजे पोळ्याची चढाओढीची गाणी, म्हणणाऱ्यांचा सूर टिपेला पोचला असताना आमच्या हरण्याने शांतपणे मान वळवली आणि जोडीदार चांद्याच्या गळ्यातला पहिला झेंडू उचलला. मग दुसरा. मग माळच. सारी रांग हसू लागली. हरण्याचे ओठ विडा खाल्ल्यासारखे लाल झाले होते, आणि मला धरणी पोटात घेईल तर बरे असे वाटत होते. संपले, मी मनात म्हटले, आता प्लास्टिकच.

माळ संपवून हरण्याने पलीकडच्या बैलाकडे तोंड नेले. त्याच्या गळ्यात बाजारातली, तारेवर ओवलेली प्लास्टिकची फुले होती. हरण्याने एक फूल ओठांत धरले मात्र, सुदाम धावला. इतक्या वेगाने धावताना मी त्याला कधी पाहिले नव्हते. त्याने हरण्याच्या जबड्यात हात घालून ते फूल ओढून काढले, आणि त्याच्या तळहातावर तारेचे टोक वर आलेले आम्हां सर्वांना दिसले. वळून त्याने विचारले, "माय, आपल्या माळंत तार तं नोती ना?"

माय हरण्याच्या गळ्याखाली हात फिरवत होती. "सूतच हाय सारं," ती म्हणाली, "घरचाच कापूस खाल्ला त्यानं."

घरी येऊन मी गंजाची कबुली दिली, तेव्हा माय डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मला मात्र राहून राहून वाटते, की चित्रातली द्राक्षे पाहून कुणी वाहवा म्हणेल, शिल्पातली वेल पाहून कुणी मान डोलावेल. पण केलेले फूल खऱ्या फुलासारखे खाऊन टाकणारा रसिक किती जणांच्या नशिबी येतो? भले त्यात गुळाचा वाटा असेल!

यंदा पोळ्याच्या चार दिवस आधी मी माहेरी पोचले, तेव्हा ओसरीवर सुदाम बसला होता. मायचे हात मांडीवर होते, ती तोंडाने सांगत होती आणि तो मुडपत होता. त्याचा झेंडू माझ्या गुलाबाहूनही पानकोबीच्या जवळचा होता. देठाला सूत होते. मी पदर खोचून चुलीकडे गेले, तर तिथे घासूनपुसून लख्ख केलेला गंज पालथा घालून ठेवलेला. मागून त्याचा आवाज आला, "अक्का, म्याच धुतला. तू फकत पीठ कालव." थोड्या वेळाने खळ रटरटली आणि तोच आंबूस, करपट वास घरभर पसरला. माय डोळे मिटून तो वास घेत होती.