डांबराखालचं रान

भर उन्हात तापलेल्या डांबरावर अनवाणी चालणारी बाई मी एकच पाहिली. माझी काकू. आमच्या उदगीरकडच्या माळावर लष्कराचा विमानतळ होता. त्याची धावपट्टी आली की काकू चपला काढून काखेत मारायची. पाय भाजतील म्हटलं तर म्हणायची, "डांबर वरून हाय. खाली ह्यांचं रानच हाय की."

आणि ते खरंच होतं. काका तरणेपणीच गेले. आमच्यात माणसाला पुरतात. काकांना त्यांच्याच शेतात समाधी दिली. पुढं ते शेत लष्करानं विमानतळासाठी घेतलं. समाधी तेवढी पट्टीच्या टोकाला राहिली. श्रावणी सोमवारी काकू बेल घेऊन फाटकावर गेली की बंदूकवाला जवान "माताजी" म्हणत तिला आत सोडायचा. एक जण तर सोबत चालत जाऊन समाधीपाशी आपले बूट काढायचा, मी बघितलंय. बेल वाहून झाला की काकू शेजारची जागा हातानं साफ करायची. ती तिची स्वतःची, मेल्यावर पुरायची.

मग लष्कर गेलं आणि विमानतळ सर्वांसाठी खुला झाला. आता आपलंच झालं म्हणून काकू गावभर सांगत सुटली. कसलं काय! सोमवारी फाटकावर तिला तिकीट विचारलं. तिकीट असलं तरी पट्टीवर जाता येत नाही, हेही समजावून सांगितलं. फाटकावरचं पोरगं अदबीनं बोलत होतं, त्याला शिवी तरी कशी द्यायची? पुढं पट्टी वाढवायची ठरली, तेव्हा समाधी हलवा असा निरोप आला. भावकी तयार झाली, काकू नाही.

"माणूस काय कुंडी हाय, उचलून दुसरीकडं ठेवायला?" एवढंच बोलली.

समाधी पट्टीखाली गेली. त्यानंतर श्रावणात ती घरातच बसून राहायची आणि बेल ताटात वाळायचा. रडली असती तर बरं झालं असतं.

मलाच राहवेना. तिकीट लागतं ना, मग काढू म्हटलं. श्रावणातल्या सोमवारची मुंबईची दोन तिकिटं काढली. इमारतीबाहेर पडताच तिनं चपला काढल्या आणि विमानापर्यंत अनवाणी चालली. लोक बघत होते. बघू दे. विमान धावायला लागलं तशी तिनं पदराची गाठ सोडली, बेल काढला आणि वाकून पायाशी ठेवला. चाकं उचलली.

"पोचला का रे?" तिनं विचारलं.

मी हो म्हटलं. ती डोळे मिटून बसली. मुंबई येईपर्यंत मी समोरच्या सीटकडे बघत राहिलो.

पुढच्या श्रावणाआधीच काकू गेली. तिला गावच्या स्मशानभूमीत पुरलं, विमानतळाच्या कुंपणाच्या अलीकडे. नोकरीमुळं मी आता त्याच विमानतळावरून विमान धरतो. विमान पट्टीवर आलं की बूट काढतो. शेजारच्याला वाटतं, माणूस ऐसपैस बसतोय. चाकं उचलली की परत घालतो.