पुलाच्या तोंडावरचा उंचवटा

आमच्या गावच्या नाल्यावरचा पूल बुटका होता, आणि त्याच्यावर मालकी सांगणाऱ्यांची अक्कल त्याहून बुटकी. सत्तरच्या दशकातली गोष्ट. सेलूच्या जिनिंगला कापूस नेणारे ट्रक त्या पुलावरून जात. पुलाला लागूनच सरपंचाच्या भाच्याचं चहाचं हॉटेल. ट्रक तिथं थांबावेत म्हणून सरपंचानं पुलाच्या तोंडावर दगडमातीचा आडवा उंचवटा घालून घेतला. गावाला सांगितलं, पोरंढोरं वाचावीत म्हणून.

ट्रक काही थांबले नाहीत. भरधाव यायचे, उंचवट्यावर उडायचे आणि सगळ्या ओझ्यानिशी पुलावर आदळायचे. पूल थरथरायचा, आणि त्याच्यासोबत काठावरचा आमचा बौद्धवाडा. पहिलंच घर आमचं. बापानं हातानं रचलेली मागची भिंत वरपासून खालपर्यंत तडकली होती, आणि तिच्याच पायथ्याशी माझी माय एकटी झोपायची. मी जिंतूरला मास्तर. रविवारी यायचो, चीर किती रुंदावली ते बघायचो आणि जळत परत जायचो.

माझ्या तक्रारीवरून अखेर एक इंजिनियरसाहेब आले. त्यांनी जीप उंचवट्यावरून अशी हळू काढली, जणू आत बाळंतीण बसली होती. झाली तपासणी. मग सरपंचासोबत कठड्याला टेकून भाच्याच्या हॉटेलातला चहा प्यायला लागले, तेवढ्यात भरलेला ट्रक आदळला आणि बशीतला चहा त्यांच्या पांढऱ्या पॅन्टवर सांडला. साहेबांनी पॅन्ट झटकली आणि म्हणाले, पूल म्हटलं की थोडा हलणारच. उंचवट्याचं विचारलं, तर सरपंचाकडे बघून हसले. एवढं शिकून माणूस फुकटच्या चहाला विकला जातो, याची मला आजही किळस येते.

पुढं एकदा मंत्र्याची मोटार त्या रस्त्यानं जाणार होती. उंचवटा एका सकाळीत खणून निघाला. ट्रक सरळ जाऊ लागले. पूल गप्प, आमच्या फळीवरची भांडी गप्प. वाटलं, आता तरी यांना उमजलं असेल. मंत्री गेले, आणि सरपंचानं उंचवटा पुन्हा घातला, या खेपेला सिमेंटचा.

मी तावातावानं निघालो, तर मायनं हात धरला.

"कुनाला सांगाया जायलास? त्यायला समदं ठावं हाय. मंत्र्याच्या पाठीला हादरा बसू नये म्हनून काडलाच की. आपल्या भिंतीखाली कोन झोपतं, ते बी ठावं हाय."

मग तिनं बाज ओढत अंगणात नेली. बापानं बांधलेल्या त्या घरात ती पुन्हा कधी झोपली नाही.